कॉफीच्या भांड्यावरचा खिळा

९ एप्रिल १९९६
हार्ट्स फोर्ड, मिझुरी

थर्मन,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय.

काल सकाळी डॉयलचा फोन आला. डॉयल म्हणजे आमच्या गावात गळ, गांडुळं आणि बंदुका एकाच काउंटरवर विकणारा माणूस. फोनवर नेहमी तोंडात काहीतरी चघळतच बोलतो. "नेवाबाई, अर्कान्सातून तुमच्या नावाचं खोकं आलंय. आत पिस्तूल आहे. पाठवणार 'किंचलो आणि मुलगा'. तुमच्या माहेरचेच ना हे? अहो, माझा चुलतभाऊ पिस्तुलासाठी यांच्या यादीत नाव लावून सहा वर्षं बसलाय, त्याला अजून नंबर लागल्याचं साधं कार्ड आलेलं नाही. तुम्ही कुणाचे पाय धरलेत?"

"कुणाचे नाही. परत पाठव," मी म्हटलं.

"परत? तब्येत बरी आहे ना तुमची?"

माझ्या तब्येतीला काही धाड भरलेली नाही. पण तुझी मात्र कमाल आहे, थर्मन! पंचवीस वर्षांत तुझं एक पत्र नाही. डॅडी गेले तेव्हा छापील कार्ड आलं, त्यावर सहीसुद्धा तुझ्या बायकोची. बहीण मेली की जिवंत आहे याची चौकशी नाही, आणि आता एकदम पिस्तूल! सोबत चिठ्ठी नाही, की चार शब्द नाहीत. बावन्न वर्षांचा घोडा झालास, पण बोलायची वेळ आली की तोंडात मिठाची गुळणी. शी! लहानपणीही असाच होतास.

मला तुझ्याकडून काही नको. माझे हात रिकामे नाहीत. इथल्या दातांच्या लॅबमध्ये मी लोकांच्या कवळ्या घासते, आणि चांगल्या घासते. तिथे माझं काम माझ्या नावावर जातं.

खोकं डॉयलच्या गांडुळांच्या फ्रिजशेजारी पडलंय. उचलायची व्यवस्था कर.

नेवा


१९ एप्रिल

थर्मन,

खोकं परत आलं नाही म्हणून हुरळून जाऊ नकोस. वस्तूला नावं ठेवायची तर ती आधी बघावी लागते, एवढ्याचसाठी मी ती सोडवून घेतली.

त्यासाठी काय काय करावं लागलं ते ऐक. आमच्याकडे पिस्तूल घ्यायचं तर शेरिफचा परवाना लागतो. तिथली कारकून बाई विचारते, "पिस्तूल कशासाठी हवंय?" मी म्हटलं, "भाऊ." तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे टक लावून बघितलं. मग मी म्हटलं, "भावानं पाठवलंय हो, भेट म्हणून." 'भेट' हा शब्द तोंडातून काढताना जीभ कडू झाली. वर सात दिवस थांबायला लावलं.

डॉयलनं खोकं उघडलं तेव्हा दुकानात तिघं मासे पकडणारे होते. सगळे काउंटरवर वाकले. मी कवळ्या तपासायचं भिंग बरोबर नेलं होतं. ठरवूनच गेले होते की दहा दोष काढायचे, कागदावर लिहायचे आणि तुझ्या तोंडावर फेकायचे.

पिस्तुलाच्या वरची सरकती स्लाइड वर-खाली हलवून पाहिली, आडवी दाबून पाहिली. केसाएवढी फट नाही. आणि तरी एका बोटानं मागे जाते आणि आपल्या जागी येऊन बसते. चाप ओढला. काहीही न खरडता, मला हवा होता नेमक्या त्या क्षणी सुटला. डॉयल म्हणाला, "मला एकदा ओढू द्या ना." तीनदा ओढून झाल्यावर चौथ्यांदा ओढला. त्या तिघांतला एक जण म्हणाला, "बाई, हे विकायचं असेल तर मी माझी बोट देतो." डॉयल म्हणाला, "तुझ्या बोटीला भोक आहे."

काम स्वच्छ आहे. ही स्तुती नव्हे, उगाच खोटं लिहायची मला सवय नाही म्हणून लिहिलं.

मग मी ते उलटं करून मुठीची पुढची बाजू भिंगाखाली धरली. बोटांची पकड बसावी म्हणून तिथे कानशीनं हातानं कोरलेली बारीक चौकटींची जाळी असते. मधल्या बोटाखाली एक रेघ वाकडी दिसली. जाळीतून सुटून उजवीकडे निसटलेली.

थर्मन, मी भिंग काउंटरवर ठेवून दिलं. ही रेघ मी झोपेतही ओळखेन. तू माझीच फ्रेम पाठवलीस, मी घासलेला तो पिस्तुलाचा सांगाडा! ती भिंतीवरची!

डॉयलनं विचारलं, "काय झालं हो?" म्हणून त्याला सांगितलं ते सगळं, आणि इथेही लिहिते, कारण तुझी स्मरणशक्ती सोयीप्रमाणे चालते. डॅडींच्या दुकानात कॉफीच्या भांड्याच्या वर नासाडीची भिंत होती. जो काम बिघडवेल त्यानं त्या तुकड्यावर टोच्यानं स्वतःची अक्षरं ओरखडायची आणि तुकडा तारेनं खिळ्याला टांगायचा. कॉफी घेताना प्रत्येक गिऱ्हाइकानं तो वाचायचा. तिथे तुझे पाच तुकडे होते, डॅडींचे स्वतःचे दोन. माझा एकही नव्हता. म्हणून डॅडी म्हणाले होते, "एक पिस्तूल पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं कर. डाग न लागता झालं, तर पाटीवर 'आणि मुलगी' रंगवून घेईन." सात महिने घासत होते मी ती फ्रेम. मे महिन्यातल्या त्या मंगळवारी तासभर घरी जेवायला गेले. परत आले तर फ्रेम माझ्याच व्हाइसच्या शिकंज्यात, त्यावर ही वाकडी रेघ, आणि डॅडी शेजारी उभे.

"मी नाही केलं," मी म्हटलं.

"मग कानस आपल्या पायांनी चालत आली?" डॅडी म्हणाले.

तू कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा होतास. तुला बाहेर काय दिसत होतं कुणास ठाऊक! मी उजव्या हाताची. माझी कानस घसरली तर डावीकडे जाते. उजवीकडे जाते ती डावऱ्याची. दुकानात डावरा एकच होता. डॅडी नुसत्या कानशीच्या खुणेवरून कारागिराचं नाव सांगायचे, पण त्या दिवशी रागाच्या भरात त्यांना दिसलं नाही. मी तरी इतकी वर्षं मनाची तशीच समजूत घातली. त्यांनी स्वतःच्या हातानं त्यावर 'एन. के.' ओरखडलं आणि टांगलं. मला कामाच्या बाकावरून उठवून काउंटरवर बसवलं. लोक कॉफी पिताना हसायचे, "काय नेवा, स्वयंपाकघरातली सुरी वापरलीस का?" तीन आठवडे सोसलं आणि निघून आले.

आणि आता त्या जागी 'एन. के.' नाही. घासून, पॉलिश करून, वर निळं पाणी चढवलंस. म्हणजे तुझा गुन्हा पुसायची मेहनतही तूच केलीस. एवढं सुंदर काम आणि इतका घाणेरडा हेतू मी आजवर एकत्र पाहिलेला नाही.

नेवा


३ मे

थर्मन,

गेल्या पत्राला उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

मी पिस्तूल चालवलं. सांगून टाकते, नाहीतर डॉयल सगळ्या तालुक्यात सांगेलच. त्याच्या दुकानामागे जुनी दगडाची खाण आहे, तिथे. नुसतं बघण्यासाठी. पंचवीस यार्डांवरून पाच गोळ्या. डॉयल कागद आणायला गेला आणि तिकडूनच ओरडला, "नेवाबाई, यावर कॉफीचा कप ठेवला तर पाचही भोकं झाकतील!" आणि मी हसले. मोठ्यानं, एकोणपन्नास वर्षांची बाई, एकटी उभी राहून. आणखी गोळ्या मागितल्या. पन्नास संपल्या. मूठ माझ्या आखूड बोटांना इतकी नेमकी बसली होती की मला हातात काही धरलंय असंच वाटेना. मग लक्षात आलं. काम सुरू करताना मी माझा पंजा पेन्सिलीनं बाकावर गिरवला होता. तो तू अजून पुसला नाहीस? त्यावरून माप घेतलंस?

घरी येताना गाडीत मला स्वतःचीच किळस आली. ज्या हातामुळे मला बाकावरून उठावं लागलं त्याच हातचं खेळणं घेऊन मी पोरीसारखी हसत होते. रागाचं काय झालं मग? इतका स्वस्त होता का तो?

पिस्तूल साफ करायला बसले. मुठीच्या दोन्ही बाजूंच्या अक्रोडाच्या पट्ट्या काढल्या. डाव्या पट्टीखाली पोलादावर ओरखडलेलं: 'टी. के. मे १९७१. चूक नेवाची नाही.'

दहा मिनिटं मी त्याच्याकडे बघत बसले. रडले का, ते तुला सांगणार नाही.

मग इतका संताप आला म्हणून सांगू! डॅडींनी माझी अक्षरं कुठे ओरखडली होती? दर्शनी बाजूला, जिथून सगळं गाव वाचेल. आणि तू तुझी कुठे ओरखडलीस? लाकडाखाली! दोन स्क्रू काढल्याशिवाय कुणाला दिसायची नाहीत अशा जागी. शी, थर्मन! माझी बेअब्रू भिंतीवर आणि तुझा पश्चात्ताप झाकून ठेवलेला. बरंय! तुझं मन शांत झालं आणि तुझं नावही वाचलं.

मला असली माफी नको. डॉयलकरवी पिस्तूल परत पाठवतेय. पट्ट्या माझ्याकडे राहतील. पिस्तूल त्याच खिळ्याला टांग, अक्षरांची ती बाजू दर्शनी करून. तुझ्या सगळ्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना कॉफी घेताना वाचू दे. तेवढी हिंमत असेल तर ते माझं. नसेल तर वितळवून त्याचे गळ कर.

नेवा

ता. क. खोकं बंद करताना डॉयल नाक शिंकरत होता. सर्दी झाली म्हणे.


१७ मे

थर्मन,

तुझं पत्र आलं. अक्षर केवढं मोठं झालंय तुझं! डोळ्यांचं लिहिलंस ते वाचलं. मोतीबिंदू काढला तरी उजव्या डोळ्याच्या मागचं दुखणं राहणार, बारीक काम संपलं, माझं पिस्तूल शेवटचं, आणि एक जूनला दुकान बंद करतोस. त्या दिवशी जुनी गिऱ्हाइकं कॉफीला येणार. वाईट वाटलं. हे एकदाच लिहिते.

पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तू जे लिहिलंयस, ते सहज मधेच टाकलंयस, जसं काही हवापाण्याचं. ते मी चार वेळा वाचलं. त्या मंगळवारी एक गिऱ्हाईक आलं, तू शान मारायला माझी कानस उचललीस, ती घसरली, गिऱ्हाईक निघून गेलं. आणि डॅडी मागच्या खोलीतून आले तेव्हा कानस अजून तुझ्या डाव्या हातात होती.

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं.

तू 'मी सांगतो तिला' म्हणालास, तर ते म्हणाले, "तू तोंड बंद ठेव. देवानंच सोय केली. पाटीवर पोरीचं नाव बघून कुणी आपल्याकडे पिस्तूल बनवायला टाकेल का?"

देवानं! देवाला मधे घातलं!

थर्मन, मी डॅडींच्या मातीला आले नाही ते तुझ्यामुळे. तुझं तोंड बघायचं नव्हतं म्हणून. त्यांना मी मनातल्या मनात कधीच माफ केलं होतं. कडक होते, पण सरळ होते, डोळ्यांना दिसलं त्यावर विश्वास ठेवला, असं म्हणत आले. लॅबमधल्या पोरींना त्यांच्याच गोष्टी सांगितल्या, त्यांच्यासारखं काम करा म्हणून. ते गेल्यापासून सात वर्षं दर ख्रिसमसला मी त्यांच्यासाठी रडले. आता तेच आठवतं आणि अंगावर पाल पडल्यासारखं होतं. रविवारी जेवले नाही. शेजारची बाई रस्सा घालून गरम मऊ पाव घेऊन आली, ते तसेच राहिले.

आणि तू! तू सत्तावीस वर्षांचा होतास, सातचा नव्हतास. "डॅडी म्हणाले म्हणून." मी गेल्यावरही पंचवीस वर्षं त्या भिंतीखाली बसून कॉफी प्यायलास. ती घशाखाली उतरली कशी रे?

एक जूनला मी येईन. पिस्तूल खिळ्यावर दिसलं पाहिजे. आणि नुसतं टांगून भागणार नाही. तोंडानं बोलायचं. सगळ्यांसमोर, दोन्ही गोष्टी. तुझीही आणि त्यांचीही.

नेवा


३ जून

थर्मन,

न सांगता निघून आले त्याचा राग आला असेल तर येऊ दे.

तुला वाटलं असेल मी दहाला आले. मी साडेआठलाच आले होते. रस्त्यापलीकडे चर्चच्या आवारात गाडी लावून बसले होते. पाटी बघत होते. 'किंचलो आणि मुलगा.' रंग उडालाय, पण वाचता येते. दोनदा गाडी सुरू केली परत जायला. तू टांगलं नसशील याची मला खात्रीच होती, आणि टांगलं नसतंस तर मग माझ्याकडे कुणीच उरलं नसतं.

आत आले आणि आधी खिळ्याकडेच बघितलं. टांगलं होतंस. तू काय बोललास ते तुला माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही. "डॅडींना माहीत होतं" म्हणताना तू खिडकीकडे वळलास आणि परत फिरून लोकांकडे तोंड केलंस, ते मी पाहिलं. तेवढ्यासाठी मी येऊन बरं केलं.

जुन्या गिऱ्हाइकांतल्या म्हाताऱ्या वेल्डन पाइलनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि तो माझ्याकडे आला. त्याच्या हातात डोनट होता, साखर सगळी शर्टावर. म्हणाला, "नेवा, मीच तुला त्या सुरीबद्दल बोललो होतो ना?"

"तूच," मी म्हटलं.

"घाणेरडा विनोद होता."

"होता."

"आणि लोकांना तो मी अजून सांगतो. सांगायचो." मग डोनट कुठे ठेवावा हे त्याला कळेना. मी तो घेतला आणि कचऱ्यात टाकला. यापेक्षा जास्त माफी त्याला मिळायची नाही.

त्यानंतर मी माझ्या हातानं पिस्तूल खाली घेतलं, पर्समधून पट्ट्या काढल्या आणि आपल्या त्या जुन्या बाकावर बसून लावल्या. माझा पंजा तिथे अजून आहे. तेलानं काळा पडलाय, पण आहे. त्यावर हात ठेवून पाहिला. बोटं जाड झालीत.

आता जे तुला माहीत नाही ते. तू वेल्डनला गाडीपर्यंत सोडायला गेलास तेव्हा दुकानात मी एकटीच होते. खिळा रिकामा दिसत होता. गल्ल्याच्या मागे आपला तो फोटो आहे ना, पत्र्याच्या चौकटीतला? बाकाशी आपण दोघं, तू बारा वर्षांचा, मी नऊची. माझ्या उजव्या हातात कानस, तुझ्या डाव्या. इतकी वर्षं तो तिथे होता. भिंतीवरची रेघ एकदा बघायची आणि फोटो एकदा बघायचा, एवढंच काम होतं, आणि एकाही शहाण्यानं केलं नाही. मी तो काढला. डॅडींचा टोचा खणात होता, अजून धार आहे त्याला. चौकटीवर ओरखडलं, 'ई. के.' एझ्रा किंचलो, आपले डॅडी. तार ओवली आणि फोटो त्या खिळ्याला टांगला.

बिघडवणाऱ्याची अक्षरं तुकड्यावर पाहिजेत, हा त्यांचाच नियम. ते नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं मी ओरखडली. एन. के. नाही आणि टी. के. पण नाही. तुला माफ केलं असं मी म्हणत नाहीये, जास्त हुशारी करू नकोस. पण त्या फोटोत तू बारा वर्षांचा आहेस.

दुकान विकलंस तरी तो खाली काढू नकोस. नवा मालक विचारेल, तर सांग.

तुझी कॉफी अजूनही गटाराच्या पाण्यासारखी आहे. पंचवीस वर्षांत एक धड भांडं घ्यायला काय झालं होतं?

पिस्तुलाच्या नेम धरायच्या मागच्या माशीत दोष आहे. शेवटी सापडला एक. पंचवीस यार्डांवर दोन बोटं डावीकडे मारतं. मी ऑगस्टमध्ये घेऊन येते. तू कानस धर, मी तुझ्यासाठी बघते.

नेवा